प्रवासी फणस

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. द्वितीय वर्षाच्या वर्गावर मराठीतील परकीय शब्दांविषयी शिकवीत होतो. पोर्तुगीजांकडून आलेल्या शब्दांची नेहमीची यादी (पाव, बटाटा, पगार, चावी, घमेले, काडतूस, अननस) फळ्यावर लिहून झाली, तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने हरकत घेतली. अननस आपलेच आहे, ते उदयगिरीच्या गुप्तकालीन लेण्यांत कोरलेले आहे आणि शब्दही मूळ संस्कृत आहे, असे तिचे म्हणणे. आधार म्हणून तिने फोनवर आलेला एक मजकूर वाचून दाखविला. त्यात 'अन् + अनस्' अशी फोडही होती. वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही, कारण चोख उत्तर माझ्याजवळ नव्हते. 'अननस पोर्तुगीजांनी आणले' हे वाक्य मी वीस वर्षे सांगत आलो होतो. ते कशावरून, हे मला कोणी विचारले नव्हते आणि मीही स्वतःला विचारले नव्हते.

(व्युत्पत्तीपुरते उत्तर त्याच दिवशी सापडले. संस्कृतात 'अनस्' म्हणजे गाडा. तेव्हा ही फोड खरी मानली तर अननस म्हणजे 'ज्याला गाडा नाही ते' असा अर्थ निघतो. जगभर इतका प्रवास केलेल्या फळाला हे नाव शोभणारे नाही. असो.)

योगायोग असा की त्याच आठवड्यात आमच्या घरी अननस आणले होते आणि त्याचा शेंडा फेकून न देता मी कुंडीत लावायचा घाट घातला होता. दक्षिण कोकणात आजोळी कुंपणाच्या कडेने आणि माडांच्या सावलीत अननसाची झुडपे असत. आजी त्यांना 'अनस' म्हणे. त्यांची कोणी निगा राखल्याचे आठवत नाही. त्यामुळे हे काम सोपे असेल असा माझा समज होता. शेंडा लावणे आणि शब्दाचा शोध घेणे ही दोन्ही कामे मग बरोबरच चालली, आणि पुढे लक्षात आले की ती दोन वेगळी कामे नाहीत.

प्रथम पुराव्याकडे वळू. बाबर १५२६ साली दिल्ली-आग्र्याचा धनी झाला आणि १५३० साली वारला. या मधल्या काळात त्याने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांची एक सविस्तर नोंद केली आहे. आंबा, केळे, चिंच, मोह, जांभूळ, कमरख, बोर, करवंद, आवळा, नारळ, नारिंगांचे नाना प्रकार. एकेकाचे पान, फूल, चव, वास तो परीक्षकाच्या नजरेने टिपतो. फणस त्याला मुळीच आवडला नाही. मेंढीचे आतडे उलटे करून भरावे तसे ते फळ त्याला दिसले. इतक्या चौकस माणसाच्या यादीत अननस नाही. मौन हा दुबळा पुरावा असतो हे मान्य. परंतु साठेक वर्षांनी, अकबराच्या दरबारात, अबुल फज्ल 'आईन-ए-अकबरी' सिद्ध करतो तेव्हा अननस तिथे नावागावासह आणि किमतीसह हजर आहे. एका अननसाला चार दाम. त्याच यादीत एका दामाला दोन फणस मिळतात आणि शंभर आंब्यांची किंमत फार तर चाळीस दाम. म्हणजे एका अननसाच्या पैशांत उत्तम प्रतीचे दहा आंबे यावेत. ही नव्याने आलेल्या, नवलाईच्या वस्तूची किंमत आहे. हजार वर्षे रुळलेल्या फळाची नव्हे.

अबुल फज्लने दिलेले वर्णन वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे. अननसाला 'कटहल-ए-सफरी' असेही म्हणतात, असे तो सांगतो. कटहल म्हणजे फणस. तेव्हा हा झाला प्रवासी फणस. कारण असे की लहान रोप भांड्यात घालून प्रवासात बरोबर नेता येते आणि ते तिथे फळही देते. म्हणजे कुंडीतले अननस! ही कल्पना आपल्या शहरी गच्चीने काढलेली नाही. मोगलांच्या छावणीबरोबर ती चारशे वर्षांपूर्वीच फिरत होती. रंगाने आणि आकाराने लांबट नारिंगासारखे, चवीने आणि वासाने आंब्यासारखे, पानांच्या कडा करवतीसारख्या, अशी उपमांची माळ तो गुंफतो. पुढे तो जे लिहितो ते सरळ लागवडीचे टिपण आहे. फळाच्या डोक्यावर काही पाने असतात, फळ काढल्यावर ती कापून जमिनीत लावतात, तीच रोपे. आणि एक झाड एकदाच फळते, एकच फळ देते. शेंडा कसा लावावा हे मला शेजाऱ्यांनी सांगितले त्यात आणि यात फरक असलाच तर एवढाच की अबुल फज्लची वाक्ये अधिक आटोपशीर आहेत.

पुढची साक्ष जहांगीराची. फिरंग्यांच्या बंदरांतून येणारे अननस सुगंधी आणि रुचकर असल्याचे तो आपल्या आठवणींत लिहितो, आणि आग्र्याच्या गुलअफशाँ बागेत दरवर्षी ते हजारोंनी पिकते असे सांगतो. ही बाग यमुनेच्या पूर्वतीरी आपला पणजोबा बाबर याने वसविली, असे जहांगीरच नोंदवितो. ज्याने अननस पाहिलेही नसावे त्या माणसाच्या बागेत त्याच्या पणतूच्या काळी हजारो अननसे! एका परक्या वनस्पतीचे रुजणे याहून नेमकेपणाने क्वचितच नोंदले गेले असेल. मात्र तिथे थंडीच्या दिवसांत ती झाडे जपणाऱ्या माळ्यांपैकी एकाचेही नाव उरलेले नाही.

मग लेण्यांतल्या शिल्पाचे काय? खवल्याखवल्यांची, टोकाशी निमुळती होत गेलेली वस्तू शिल्पात दिसली की आपण आपल्या ओळखीचे फळ त्यात पाहतो. केवड्याचे फळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते अननसासारखे किती दिसते हे सांगायला नको. मल्याळममध्ये अननसाला 'कैतच्चक्का' म्हणतात. कैत म्हणजे केवडा, चक्का म्हणजे फणस. मलबारच्या लोकांना हे नवे फळ पाहून जर केवडा आठवला, तर केवड्याचे शिल्प पाहून आपल्याला अननस आठवावे यात नवल ते काय! सीताफळाच्या बाबतीत हे आधीच घडून गेले आहे. तेही अमेरिकेतून आलेले. पण कनिंगहॅमसारख्या पुरातत्त्वज्ञाला भारहूतच्या शिल्पांत ते दिसले आणि त्यावरून पंडितांत वाद झाला. त्या वादाला बळ मिळाले ते अर्थातच नावामुळे. सीतेचे नाव लाभलेले फळ परके कसे मानायचे?

इथे एक प्रश्न पडतो. सीताफळाला, रामफळाला आपण आपली नावे दिली. मग अननसाला का दिली नाहीत? फारसीने 'प्रवासी फणस' म्हणून पाहिले, मल्याळमने 'केवड्याचा फणस' म्हटले. बंगालीने 'आनारस' करून त्यात रस ओतला. संस्कृतात मागाहून 'बहुनेत्र' असे एक सुरेख नाव घडविले गेले. अंगभर डोळे असलेल्या फळाला याहून चांगले नाव सुचणे कठीण. पण मराठीच्या बाजारात ते चालले नाही. मराठीने आणि कोकणीने आलेले नाव जसेच्या तसे ठेवून घेतले. ते कोठून आले याची साक्ष गोव्यातच मिळते. यान हौखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो लिहितो की, अननस हे मूळ हिंदुस्थानचे फळ नव्हे, पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणले. पहिल्यांदा नवलाईपोटी एकेक फळ एका परदावाला, कधी त्याहूनही महाग विकले जाई, पण आता इतके पिकते की ते अगदी स्वस्त झाले आहे. तिथले 'कानारीन' लोक, म्हणजे गोव्याचे कोकणी बोलणारे रहिवासी, त्याला 'अनानास' म्हणतात आणि ब्राझीलचे लोक 'नाना' म्हणतात, हेही त्याने नोंदविले आहे.

'नाना' हा शब्द तुपी लोकांचा. पोर्तुगीज जहाजे ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली तेव्हा त्या किनाऱ्यावर राहणारे हे लोक. रानटी, बियांनी भरलेल्या, हातात मावेल एवढ्या फळापासून रसाळ अननस घडविण्याचे काम दक्षिण अमेरिकेतील अशाच समाजांनी शतकानुशतके केले. कोलंबसाला १४९३ साली ग्वादलूप बेटावर ते दिसले तेव्हा ते तिथल्या वस्तीत लावलेले, खाल्ले जाणारे फळ होते. स्पॅनिश लोकांना त्यात देवदाराच्या जातीतल्या झाडाचे बोंड दिसले म्हणून ते त्याला 'पिन्या' म्हणू लागले, आणि इंग्रजीने तोच कित्ता गिरवून 'पाइनॲपल' केले. पोर्तुगीजांनी मात्र तुपी शब्द उचलला, तोच आपल्याकडे आला. आपला 'काजू'देखील तुपीच आहे, मूळ 'आकाजू'. सेबाश्तियाँव रोदोल्फो दालगादो या गोमंतकीय पंडिताने आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचा आपला ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला, त्यात या शब्दांची आशियाभरची भटकंती पाहायला मिळते. पण 'पोर्तुगीज शब्द' या मथळ्याखाली ते मांडले की एक गोष्ट झाकली जाते. पोर्तुगीज हे इथे केवळ हमाल आहेत. माल दुसऱ्याचा आहे. फळ्यावरच्या माझ्या यादीतली चूक ती होती. विद्यार्थिनीचा दावा खोटा असला तरी माझे वाक्यही अर्धेच खरे होते.

त्या दुसऱ्याचे पुढे काय झाले? दास्य आणि रोगराई यांनी किनाऱ्यावरच्या तुपी वस्त्या ओस पडल्या. जेझुइट पाद्री जुझे द आंशिएता याने लिहिलेले तुपीचे व्याकरण १५९५ साली कोइंब्रा येथे छापले गेले. क्रिस्तपुराणकार फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० साली रायतूरला छापले गेले. एकाच संघाची माणसे दोन खंडांत एकच काम करीत होती. परंतु १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने, प्रजेने तीन वर्षांच्या आत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम काढला. आणि १७५८ साली ब्राझीलमध्ये तुपीवर बेतलेल्या 'लिंग्वा जेराल'च्या वापरावर बंदी आली. कोकणी टिकली. तुपी किनाऱ्यावरून नाहीशी झाली. तिची एक लेक 'न्येंगातू' ॲमेझॉनच्या खोऱ्यात अजून बोलली जाते. तेव्हा अननस प्राचीन भारतातले ठरविताना आपण नकळत काय पुसून टाकतो, याचा विचार व्हायला हवा. पोर्तुगीजांचे श्रेय त्यात फारसे जात नाही. जाते ते ज्यांची भाषाच उरली नाही त्यांचे, आणि ते सांगणारा एक शब्द आपल्या स्वयंपाकघरात रोज वावरत असताना.

युरोपातल्या अननसाची कथा निराळी, आणि आपल्याकडे तीच अधिक सांगितली जाते म्हणून ती थोडक्यात उरकतो. ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकाराने १५३५ साली या फळाचे वर्णन करताना शब्दांनी हात टेकले आणि लिओनार्दो किंवा मान्तेन्यासारखा चित्रकार हवा होता अशी खंत त्याने व्यक्त केली. जॉन लॉकने १६९० साली मानवी आकलनावरील आपल्या निबंधात, अननस न चाखलेल्याला त्याची चव शब्दांनी कळणार नाही, हा दाखला दिला. पुढे १७३९ साली ह्यूमनेही तोच दिला. भाषेची मर्यादा दाखवायला या तत्त्वज्ञांना अननसच आठवावे, याचे कारण त्यांच्या वाचकांपैकी बहुतेकांनी ते खाल्लेलेच नव्हते! थंड मुलुखात ते पिकवायचे म्हणजे काचेची घरे, शेगड्या आणि कातडी कमावण्यासाठी वापरलेल्या सालीच्या चुऱ्याचे ऊबदार वाफे हवेत. नेदरलँड्समध्ये आन्येता ब्लोक या बाईंनी १६८७ साली ते फळवून दाखविले. इंग्लंडमध्ये रिचमंड येथे सर मॅथ्यू डेकर यांच्या बागेतल्या अननसाचे १७२० साली चक्क तैलचित्र काढले गेले. चित्रावरील लॅटिन लेखात मालकाबरोबर चित्रकाराचेही नाव आहे, ही त्यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट. स्कॉटलंडमध्ये तर एका उमरावाच्या बागेतल्या इमारतीवर भव्य दगडी अननसाचा घुमट आहे. तिकडे जे मेजावर मिरवीत होते, ते इकडे लिन्सखोटेनच्याच काळी स्वस्त झाले होते, आणि पुढे आजीच्या कुंपणाला लागले.

आता माझ्या शेंड्याविषयी. पहिला कुजला. चूक माझीच, फळाचा गर त्याला चिकटलेला तसाच ठेवून मी तो त्याच संध्याकाळी ओल्या मातीत खोचला होता. दुसऱ्या वेळी शहाणपण आले. शेंडा हाताने पिळून काढावा म्हणजे गर मागे राहत नाही. खालची पाने दोन-तीन सेंटिमीटर उंचीपर्यंत सोलून काढावीत. तिथे मुळांचे बारीक कोंब तपकिरी ठिपक्यांसारखे आधीच दिसतात. मग तीन-चार दिवस शेंडा सावलीत उलटा ठेवून जखम सुकू द्यावी. कुंडी फूटभर रुंदीची पुरते. मातीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून पाणी झरझर खाली उतरेल असे पाहावे, कारण या झाडाला तहानेपेक्षा चिखलाचे भय अधिक. पानांच्या बेचक्यांत साठणारे पाणीही ते पिते. ऊन मात्र भरपूर हवे.

कोरडेपणा सोसण्याची त्याची रीत मजेशीर आहे. दिवसा पानांची रंध्रे मिटून घ्यायची म्हणजे पाणी उडून जात नाही, आणि रात्री ती उघडून हवेतला कर्बवायू साठवायचा. दिवसभर दार लावून बसणारे आणि रात्री व्यवहार करणारे हे झाड आहे.

त्यानंतर काम फक्त वाट पाहण्याचे. शेंड्यापासून फळ यायला दोन वर्षे किंवा अधिकच लागतात. बुंध्यालगतच्या फुटव्याला काही महिने कमी. दीड वर्ष माझी कुंडी नुसती पाने वाढवीत बसली. १८७४ साली अझोर्स बेटांवरील काचघरात धूर कोंडला आणि अननसे अवेळी फुलली, तेव्हा धुराचा हा गुण ध्यानात आला. पुढे त्यामागचा वायू इथिलीन असल्याचे सिद्ध झाले. पिकलेले सफरचंदही तो वायू सोडते. म्हणून वाढ पुरी झालेल्या झाडाजवळ एक सफरचंद ठेवून वर काही दिवस प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. मी तसे केले. त्यामुळेच फूल आले की ते येणारच होते, हे सांगता येत नाही. पण दोनेक महिन्यांनी पानांच्या मध्यभागी तांबूस गाभा उठला आणि त्यावर खालून वर, रोज थोडी थोडी, जांभळी फुले उमलत गेली. प्रत्येक फूल एका दिवसाचे सोबती. अशी शंभर-दीडशे फुले एकमेकांत मिसळून जे होते ते अननस. एकेक डोळा म्हणजे एकेक फूल. फणसही असाच अनेक फुलांचा मिळून बनतो. दोघांना एका नावात गुंफणारे ते अनामिक फारसी बोलणारे लोक वनस्पतिशास्त्र शिकलेले नव्हते, पण त्यांची नजर चुकली नाही.

आणखी एक गोष्ट कुंडीपाशी बसल्यावर कळली. लागवडीतल्या अननसाला सहसा बी धरत नाही, कारण ते आपल्याच जातीचे पराग स्वीकारीत नाही. म्हणून शेंडा आणि फुटवे हाच त्याचा वंश. खरे तर तो वंशही नव्हे. एकच देह कापून कापून पुढे नेलेला. आज बाजारात मिळणारे मोठे, बिनकाट्याचे 'क्यू' हे एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गयानाहून युरोपमार्गे जगभर पसरलेल्या जातीचे. आजीच्या कुंपणातले लहान, काटेरी, गडद पिवळे होते, 'क्वीन'च्या वळणाचे. ते तिच्याकडे कोणाच्या परड्यातून आले होते, हे विचारायचे राहून गेले.

माझे फळ गेल्या महिन्यात काढले. बाजारातल्या फळाच्या निम्मेदेखील नव्हते, पण वासाने स्टाफरूम भरून गेली. ती विद्यार्थिनी आता एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. तिलाही एक फोड दिली, आणि आईनमधला तो उतारा तिने स्वतः काढून वाचला. लेण्यांविषयी ती अजून पुरती बधलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत उदयगिरीला जाऊन स्वतः पाहणार आहे. शेंडा मात्र तिने मागून घेतला. सोलून, सुकवून, वर्तमानपत्रात गुंडाळून मी तो तिच्या हाती दिला. बुंध्याशी दोन फुटवे आले आहेत, ते माझ्या कुंडीत आहेत.